म्हैस विहिरीत पडली ती तारीख

पंधरा एप्रिलला आमचे व्यंकटमामा पाण्याच्या हौदाजवळ फिरकत नाहीत. आंघोळ बादलीतून, आणि बादलीही अर्धी. कारण विचारलं तर चष्मा कपाळावर सारून आपल्याकडं असं बघतात, की जणू आपण बापाचं नाव विसरलोय.

"परफेसर, आज टायटॅनिक बुडालं. एवढं मोठं जहाज! आन् मी हौदापाशी जाऊ?"

"मामा, त्याला शंभरावर वर्षं झाली. अन् ते समुद्रात बुडालं."

"पान्याला काय कळतंय समुद्र हाय का हौद हाय? तारीख तीच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी, सोळा एप्रिलला, हाच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून नांदेड स्टेशनवर जातो, प्लॅटफॉर्म तिकीट काढतो, येईल त्या पहिल्या गाडीला हात करतो आणि घरी येतो. बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली आगगाडी सुटली ती त्या दिवशी. "एवढी वर्षं पळून राहिली बिचारी," मामा म्हणतात, "कुनी तरी तिला इचारायला नको?"

विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत मामांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तीही अर्धी. अर्धी का, तर गवंड्यानं काम धरलं तो दिवस निघाला नऊ नोव्हेंबर. भिंत छातीपर्यंत चढली आणि मामा धावत आले. "आरं थांब, थांब! आज बर्लिनची भिंत पडली!" गवंडी घाबरून खाली उतरला. कुणी दबलं-बिबलं का, असं त्यानं विचारलं. कुणी दबलं नाही, उलट लोक नाचले, हे कळल्यावर तो थापी घेऊन जो गेला तो आजतागायत आलेला नाही. त्यामुळं मामांचा सगळा संसार मला दिसतो आणि माझा त्यांना. यात तोटा कुणाचा जास्त, हे पुढं कळेलच.

मामांचं एक तत्त्वज्ञान आहे. "दिवस म्हंजी जनावर हाय, परफेसर. ज्या वळनावर एकदा बुजलं, त्या वळनावर पुन्हा बुजतंय. बैल हाकलेल्या मानसाला इचारा."

मी बैल हाकलेले नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो, आणि आता सांगूनच टाकतो, मला तारखा लक्षात राहत नाहीत. वर्गात मी 'एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात' असं म्हणतो. ते भारदस्त वाटतं आणि पन्नास वर्षांची सूट मिळते. असा इतिहासाचा मास्तर मामांच्या शेजारी राहायला यावा, हा नियतीचा विनोद होता. मामा मला आदरानं 'परफेसर' म्हणत आणि रोज सकाळी अर्ध्या भिंतीवरून माझी परीक्षा घेत.

"आज काय झालं होतं?"

"आज? आज... बरंच काही झालं होतं."

"हाव, पन काय?"

इथं मला नेमकी कॉलेजची घाई आठवायची.

मामा नोकरीत होते ते एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावर. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, एवढंच काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल-नारळ देऊन विचारलं, आणखी काही पाहिजे का? मामा म्हणाले, शिक्का द्या. तो चाकं फिरवायचा शिक्का आजही त्यांच्या खिशात असतो. त्यातल्या वर्षाच्या पट्टीवरची सालं कधीच संपली, त्यामुळं दिवस आणि महिना शिक्क्याचा आणि साल पेननं. दुधाच्या पिशवीवर, वर्तमानपत्रावर, लोणच्याच्या बरणीवर शिक्का. एकदा रुक्मिणमामींनी पोळीवर उमटलेला शिक्का मला भिंतीवरून दाखवला. "भाऊ, बघा. ही आजची हाय, याचा सबूत!"

कॉलनीच्या फाटकाशी एक फळा आहे. वर कायमचं लिहिलंय, 'आजच्या दिवशी'. खाली मामा रोज पहाटे दोन ओळी लिहितात. लाल खडूनं एक वाईट घटना, पांढऱ्या खडूनं एक चांगली. जोडी जमल्याशिवाय फळा पूर्ण होत नाही. त्यात पुन्हा काटेकोरपणा असा, की माणूस चंद्रावर उतरला ती तारीख सगळं जग वीस जुलै मानतं, मामा एकवीसला लिहितात. "तिकडं वीस आसंल. तो उतरला तवा आमच्या भोकरमधी एकवीस लागली होती. चंद्र काय एकट्या अमेरिकेचा हाय का?" सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, लाल खडू आणि पांढरा खडू दोन्ही बाजूला ठेवून ते भगवा, पांढरा, हिरवा असे तीन खडू काढतात. फक्त तीस सप्टेंबरला फळ्यावर एकच शब्द असतो, 'किल्लारी'. त्या दिवशी चांगलं काही ते लिहीत नाहीत आणि आम्ही कुणी त्यावर बोलत नाही.

फळ्याचा दुसरा नियम, घरचं काही लिहायचं नाही. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मी त्यांना लाडीगोडी लावून बघितली होती. बायकोला खूश करायचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता. मामांनी खडू मागं घेतला.

"परफेसर, तुमचं लगीन इतिहासात येत न्हाई."

"मग कशात येतं?"

"ते वैनीला इचारा."

सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भिंतीच्या अलीकडून उत्तर दिलं. "लाल खडूत लिहा, मामा!"

तर असा हा तारखांचा माणूस. जगातल्या प्रत्येक गोष्टीची तारीख त्याला पाठ. फक्त एक सोडून. त्याला स्वतःच्या जन्माची तारीख माहीत नव्हती.

आमच्या भागात त्या पिढीतल्या कुणालाच ती माहीत नसते म्हणा. बापानं पोराला बखोटीला धरून शाळेत न्यायचं, गुरुजींनी पोराकडं वरून खाली बघायचं आणि लिहायचं, एक जून. आमच्या कॉलनीतले निम्मे म्हातारे एक जूनचे आहेत. त्या दिवशी बँकेचे शुभेच्छांचे मेसेज असे धडाधड येतात, की एका वेळी सगळ्या ओट्यांवर फोन वाजतात. बाकीचे म्हातारे हसून सोडून देतात. मामा दरवर्षी उलट उत्तर पाठवायचे, 'सदर तारीख चुकीची आहे. योग्य तारीख सापडताच कळवतो.' बँकेच्या यंत्रानं त्याला कधी दाद दिली नाही. मामांनीही सोडलं नाही.

आणि 'सापडताच' हा शब्द पोकळ नव्हता. मामांकडं एक धागा होता.

तो त्यांनी मला गेल्या वर्षी जानेवारीत भिंतीवरून सांगितला. त्यांची आई सांगायची, "तू झाला पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली, पाटलाची म्हैस विहिरीत पडली त्या दिवशी." भोकरच्या पलीकडचं लहानसं गाव. म्हैस पडली म्हटल्यावर सगळं गाव दोर, कासरे, बाजा घेऊन विहिरीकडं पळालं. मामांचे वडील पळाले. एवढंच काय, सुईणही पळाली. इकडं झोपडीत मामा जन्मले, ते कुणाला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी लोक परत आले ते म्हशीचंच बोलत आले.

"मंजी बघा," मामा म्हणाले, "मी तारखा गोळा करायला लागलो तो हेच्यासाठी. वाटलं, येवढ्या तारखा हायेत जगात, कुठं तरी ती म्हैस घावल. टायटॅनिक घावलं, बर्लिन घावलं, चंद्र घावला. म्हैस न्हाई घावली."

मी हसलो. मामा हसले नाहीत.

"परफेसर, तुमी इतिहासवाले. पाटलाच्या दप्तरात रोजची नोंद राहायची. ते जुने कागद शहरात कचेरीत हायेत म्हनं. मी गेलतो, मला आत सोडलं न्हाई. तुमाला सोडतील. तेवढी तारीख बघून द्या. मरायच्या आधी एकदा बँकेला बरोबर कळवतो."

आता इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, मामा, मला जमणार नाही. पण त्यांनी 'तुमी इतिहासवाले' म्हटलं, आणि माझी छाती आपोआप फुगली. मी कॉलेजचं पत्र घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या माणसानं माझ्यापुढं लाल कापडाचं एक बासन आणून ठेवलं. मी गाठ सोडली, पान उघडलं आणि गार पडलो.

सगळं उर्दूत होतं.

निजामाचं राज्य होतं, दप्तर उर्दूत असणार, ते गेल्यावरही काही दिवस जुनेच कारकून जुन्याच लिपीत खरडत राहणार, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. ते मला स्वतःला लागू पडेल, असं कधी वाटलं नव्हतं. मला उर्दूतलं अलिफसुद्धा ओळखता येत नाही. समोरच्या माणसानं विचारलं, "सापडतंय का सर?" मी म्हणालो, "हं, रोचक आहे." तासभर मी पानं उलटली. कपाळाला आठ्या घातल्या. मध्येच एकदा 'अच्छा!' असंही म्हणालो. मग एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला, कारण फोटो काढल्याशिवाय उठलो असतो तर बरं दिसलं नसतं. बाहेर येऊन दोन प्लेट भजी खाल्ली आणि घरी आलो.

मामा फाटकाशीच उभे होते. फळ्याला टेकून. सकाळपासून उभे होते, असं मागून कळलं.

"घावली का?"

काहीही सापडलं नाही, एवढं म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडं बघितलं. मोबाइलवरून टेलिफोन आठवला, टेलिफोनवरून दहा मार्च. जगातला पहिला टेलिफोन दहा मार्चला झाला, ही मला पाठ असलेली एकुलती एक तारीख. कारण दर दहा मार्चला मामा पलीकडच्या ओट्यावरून मला फोन करून 'इकडं या, काम हाय' म्हणतात आणि काम काहीच नसतं. पहिला फोनही म्हणे शेजारच्या खोलीतच केला होता.

"दहा मार्च," मी म्हणालो.

मामांनी फळ्याची चौकट धरली.

"सबूत?"

मी फोटो दाखवला. मामांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला, कुंकवाचा करंडा घ्यावा तसा. त्यांनाही उर्दू येत नव्हतं. बराच वेळ त्या पानाकडं बघून त्यांनी एका वळणदार अक्षरावर बोट ठेवलं. "ही म्हैस आसंल, न्हाई का?"

"तीच," मी म्हणालो.

खोटं बोलायला मला दोन सेकंद लागले. त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांनी मला झोपू दिलं नाही. मामा भिंतीवरून वाढदिवसाचे प्रश्न विचारायचे. वाढदिवसाला सकाळी ओवाळतात का संध्याकाळी? बोलवायला जायचं असतं का लोक आपसूक येतात? नवीन शर्ट आधी धुवायचा का तसाच घालायचा? सुनीताला सगळं ठाऊक होतं. ती रोज रात्री फक्त एवढंच म्हणायची, "अहो, तुम्हाला म्हैसच सापडली का खोटं बोलायला?"

दहा मार्चला सगळी कॉलनी मामांच्या ओट्यावर जमली. मामींनी पुरण घातलं होतं. पंचाहत्तरीचा माणूस पाटावर बसला, कडक शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. मामींनी कुंकू लावलं, ओवाळलं, आणि मामा हळूच म्हणाले, "आता काय करायचं आसतंय?"

कुणीतरी केक आणला होता, त्यावर मेणबत्ती होती. "मामा, फुंका!"

"कामून?" मामा म्हणाले. "येवढ्या वर्षांनी लागलीय. राहू द्या की."

मेणबत्ती केकावर टेकेपर्यंत जळली. सगळ्यांनी मेणाचा केक आनंदानं खाल्ला. मग मामांनी एक कोरा कागद काढला आणि हजेरी घेतली. कचेरीत घेतात तशी, नाव आणि सही. प्रत्येकाच्या सहीपुढं शिक्का मारला, दहा मार्च. माझी सही पहिली घेतली. ती अशी वाकडी आली, की बँकेनं नाकारली असती.

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण मेमध्ये मामा म्हणाले, "लातूरला जाऊन येऊ. सुंदराआक्काला पेढे देऊ."

"या कोण?"

"ज्या पाटलाची म्हैस, त्याची पोरगी. माझ्याहून धा वर्षांनी मोठी. लेकाकडं राहाती. तिला सबूत दाखवला पाहिजे. तिच्याच घरची म्हैस हाय ना."

टाळायचे सगळे उपाय मी केले. कॉलेजचं काम सांगितलं, सुट्टी होती. पाठदुखी सांगितली, मामींनी लेप पाठवला. शेवटी एसटीत बसलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. मामा मांडीवर पेढ्यांचा पुडा धरून प्रत्येक थांब्यावर मला सांगत होते, "आक्का लई खूश व्हईल." मला वाटत होतं, गाडी बंद पडावी. आमच्या नशिबी ती त्या दिवशी वेळेवर पोचली.

सुंदराआक्का गॅलरीत बाजेवर बसून खलबत्त्यात पान कुटत होत्या. दात एकही नव्हता, नजर मात्र सुईत दोरा ओवायची.

"कोन, व्यंक्या का? किती वाळलास रे! बायको खायला घालती का न्हाई?"

मामांनी वाकून पाया पडून सगळी हकीकत सांगितली. हे परफेसर, ती कचेरी, ते बासन, ती नोंद. मग मला म्हणाले, "दाखवा."

"आक्कांना त्रास कशाला," मी म्हणालो. "उर्दूत आहे ते."

"दे हिकडं," आक्का म्हणाल्या. "पाटलाची पोर हाय मी. मुनशी यायचा घरी शिकवायला. दोन बुकं झालीत माझी उर्दूची."

मित्रांनो, माणसाला भूकंपाशिवायही जमीन सरकल्यासारखी वाटू शकते. आक्कांनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि उजवीकडून डावीकडं मान सरकवत वाचायला लागल्या.

"कुर्सी... तीन अदद... टूटी हुई." त्यांनी पुन्हा वाचलं. "मरम्मत करावी... कचेरीच्या... तीन खुर्च्या." मोबाइल खाली घेऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाबा, हेच्यात म्हैस कुठाय? हेच्यात तर मोडक्या खुर्च्या हायेत."

मामा माझ्याकडं बघत होते. रागानं बघत असते तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते. अजूनही, मी म्हणेन की पान चुकलं, म्हैस पुढच्या पानावर आहे.

मी आक्कांच्या हातून मोबाइल परत घेतला.

"आन् मार्च कुठला?" आक्का पुढं म्हणाल्या. त्यांना आमच्यात काय चाललंय याची कल्पना नव्हती. "उन्हाळ्यात आमच्या विहिरीत निस्ते दगडं. दगडावर पडली आसती तर वाचली आसती का? पाऊस होता, चिखलात पाय घसरला तिचा. चांगली काढली वर. त्याच्यावर चार वेतं व्याली."

"तारीख?" मामांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"तारीख मला काय ठाव, लेकरा. मी तर म्हैस बघितलीबी न्हाई. सगळे पळाले, सुईन सुदिक पळाली. तुझ्या मायनं माझा हात धरून ठिवला. सोडंना. मी धा वर्साची पोर, तिथंच बसले. तू झाला आन् मी लई रडले."

"कामून?"

"म्हैस बघायला मिळाली न्हाई मनून!"

आक्का बोळक्या तोंडानं खदखदून हसल्या. मामांनी पेढ्यांचा पुडा सोडून आक्कांच्या ओंजळीत ठेवला आणि विचारलं, "मंजी तू होतीस तिथं?"

"मग कोन होतं? मीच."

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले. चाकूर गेल्यावर म्हणाले, "अदद म्हंजी?"

"नग."

"हं."

अहमदपूरला, "तिन्हीबी मोडक्या?"

"तिन्ही."

लोह्याच्या पुढं, बराच वेळ विचार करून, "केल्या आसतील का दुरुस्त?"

मला राहवलं नाही. "मामा, मला उर्दू येत नाही. सांगायची लाज वाटली. इतिहासाचा मास्तर म्हणवतो अन्..."

मामा खिडकीबाहेरच बघत होते. "मलाबी माझी तारीख येत न्हाई, परफेसर. मी जगाला सांगत फिरतोच ना?"

त्यानंतर ते मला परफेसर म्हणायचे थांबले. सकाळी भिंतीवरून प्रश्न येईना. कॉलनीत कुणी माझी चौकशी केली तर म्हणायचे, "खुर्चीवाले का? आसतील घरात." फळा रोज लिहिला जात होता, पण घाईघाईत, एक-दोनदा तर लाल ओळ पांढऱ्या खडूनं. एक जून आला. सगळ्या ओट्यांवर फोन वाजले. मी माझ्या बाजूनं कान देऊन उभा होतो. मामांनी मेसेज उघडला, वाचला आणि फोन खिशात टाकला. उत्तर लिहिलं नाही.

"आवो, बँकेला कळवायचं न्हाई का?" मामींनी विचारलं.

"राहू द्या. एक जून तर एक जून."

मामी भिंतीशी आल्या. त्या मला कधी टाकून बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "भाऊ, खोटा का व्हईना, तुमी त्यांना एक दिवस दिल्ता. त्यो बी गेला की हो."

हे वाक्य मी पुढं कित्येक महिने खिशात घेऊन फिरलो, मामा शिक्का घेऊन फिरतात तसं. प्रायश्चित्त म्हणून उर्दूचं पुस्तक आणलं. अलिफपासून सुरुवात केली. दिवाळीपर्यंत मला वाक्यं लागायला लागली. पुन्हा त्या कचेरीत गेलो, तेच बासन मागितलं, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं, पावसाळ्याचं, पान न् पान सुट्टीच्या दिवशी बसून अक्षर लावत वाचलं. चोऱ्या वाचल्या, शेताच्या बांधाची भांडणं वाचली, एका बकरीचा अर्ज वाचला. म्हैस नव्हती. त्या तीन खुर्च्या मात्र पुन्हा भेटल्या. पुढच्या एका पानावर नोंद होती, दुरुस्त झाल्याची. म्हणजे दोनांची. तिसरीला सुतार नाही म्हणाला होता.

ते मी मामांना सांगायला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

यंदाचा दहा मार्च जवळ यायला लागला तसा मी दिवस मोजायला लागलो. त्या दिवशी मामा फळ्यावर टेलिफोनची ओळ लिहिणार. मी फाटकातून जाताना ती वाचणार. सुनीता म्हणाली, "मागच्या गल्लीनं जा." मी खरोखरच मागच्या गल्लीनं निघालो होतो.

तेवढ्यात फोन वाजला. मामांचा.

"इकडं या. काम हाय."

"कुठं मामा?"

"फाटकाशी."

गेलो. सकाळची कोवळी उन्हं फळ्यावर पडली होती. टेलिफोन नव्हता. लाल खडूत, ठसठशीत, लिहिलं होतं,

'आजच्या दिवशी परफेसर खोटं बोलले.'

ते मी बोललो होतो फेब्रुवारीत. पण मामांच्या काटेकोरपणातली ही पहिली चूक काढायचं धाडस मी केलं नाही. खाली पांढऱ्या खडूत दुसरी ओळ होती,

'आजच्या दिवशी व्यंकटचा पहिला वाढदिवस झाला.'

आणि शेजारी, चार टाचण्यांनी लावलेला, गेल्या वर्षीच्या हजेरीचा कागद. सगळ्यांच्या सह्या, प्रत्येक सहीपुढं शिक्का. सगळ्यात वर माझी, वाकडी.

"मामा," मी म्हणालो, "घरचं फळ्यावर लिहायचं नाही ना?"

"झालेलं लिहायचं," मामा म्हणाले. "म्हैस कवा पडली ते न्हाई घावत आता. पन हे झालं. गवाह हायेत." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "त्या टायमाला एकटी आक्का होती. या टायमाला येवढे."

मी म्हणालो, "मामा, त्या खुर्च्या दुरुस्त झाल्या. दोन. तिसरीला सुतार नाही म्हणाला. मी वाचलं. स्वतः."

मामांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझ्याकडं बघितलं. असं, की जणू मला बापाचं नाव आठवलंय.

"तरीच," ते म्हणाले.

फळ्याच्या मागं त्यांनी तीन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. एकीवर मामी शिऱ्याचं पातेलं घेऊन बसल्या होत्या. दुसरीवर मामा बसले. तिसरीला पाय साडेतीन होते.

"बसा, परफेसर," मामा म्हणाले. "मोडकी तुमची."

मी बसलो. खुर्ची डावीकडं कलली, मी उजवीकडं कललो, आणि मामांनी न बघता एक हात माझ्या पाठीमागं खुर्चीला लावून धरला. वाढदिवसाला लोक येईपर्यंत तो तसाच होता.